वितळण्याआधी घडवायचं: बर्फशिल्पांच्या स्पर्धा
लेखमाला: न टिकणाऱ्या कला (भाग ७)

मागच्या भागात रांगोळीच्या स्पर्धांविषयी लिहिलं होतं. आजची कला तिच्याहूनही अल्पायुषी आहे आणि खानदेशातल्या वाचकाला पहिल्यांदा ऐकताना परकी वाटेल: बर्फशिल्प. नशिराबादला बर्फ भेटतो तो रसवंतीत, गोळेवाल्याच्या रंध्याखाली, नाहीतर लग्नाच्या मांडवामागे गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या लादीच्या रूपात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या पट्ट्यात बर्फ आणला की लगेच वापरून टाकायचा, एवढंच आपल्याला ठाऊक. जगातल्या काही गावांनी मात्र त्याच लादीवर स्पर्धा उभ्या केल्या आणि त्यांतून शिल्पकार घडवले. हे त्यांना कसं जमलं ते आपण समजून घेतलं पाहिजे, कारण त्यातलं बरंच काही थंडीवर अवलंबून नाही.

सुरुवात विद्यार्थ्यांनी केली

जपानमधल्या साप्पोरो शहराचा हिमोत्सव आज जगभर गाजतो. १९५० साली तिथल्या शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत बर्फाचे सहा पुतळे उभे केले, तीच या उत्सवाची सुरुवात. १९५५ मध्ये जपानी संरक्षण दलाचे जवान मदतीला आले, शिल्पांचा आकार वाढला आणि १९७४ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाली.

चीनमधल्या हार्बिनची गोष्ट दिव्यापासून सुरू होते. तिथे हिवाळ्यात बादलीत पाणी गोठवायचं, कडेचा बर्फ धरला की मधलं न गोठलेलं पाणी ओतून द्यायचं आणि त्या पोकळीत दिवा ठेवायचा, ही लोकांची जुनी रीत. १९६३ मध्ये त्या दिव्यांचा उत्सव भरला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तो बंद पडला आणि १९८५ पासून वार्षिक महोत्सव म्हणून पुन्हा उभा राहिला. सोंगहुआ नदीतून कापून काढलेल्या लाद्यांनी तिथे अख्ख्या इमारती रचल्या जातात.

तिसरं नाव अलास्कातल्या फेअरबँक्सचं. तिथे १९८८ पासून जागतिक बर्फकला स्पर्धा भरत आली आहे. एका गटात एकच प्रचंड ठोकळा आणि दोघांचा संघ, तर दुसऱ्या गटात अनेक ठोकळे आणि मोठा संघ. वास्तवदर्शी आणि अमूर्त शिल्पांचं परीक्षण वेगवेगळं होतं. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची सोय: किशोरांसाठी आणि हौशी कलाकारांसाठी तिथे वेगळे गट आहेत. पहिल्यांदा छिन्नी धरणाऱ्याला वीस वर्षं मुरलेल्या कारागिरासमोर उभं राहावं लागत नाही. तरीही तो त्याच मैदानात काम करतो आणि उस्तादांचे हात जवळून पाहतो. स्पर्धेतून शिक्षण घडतं ते इथे.

पांढरी लादी आणि आरपार लादी

बर्फाच्या कारखान्यात पत्र्याचे पाण्याने भरलेले डबे अतिथंड मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडतात. पाणी चारी बाजूंनी गोठत आत जातं. गोठणारा बर्फ विरघळलेली हवा आणि क्षार आपल्यात सामावून घेत नाही, त्यांना पुढे ढकलत नेतो. शेवटी सगळं मधोमध अडकतं, म्हणून आपल्या लादीचा गाभा पांढरा आणि ठिसूळ असतो.

शिल्पकाराला हवा असतो आरपार दिसणारा बर्फ. त्यासाठीच्या यंत्रात पाणी फक्त तळाकडून गोठवतात आणि वरचं पाणी पंपाने सतत हलतं ठेवतात. त्यामुळे हवा आणि क्षार वरच्या थरात राहतात आणि तो थर शेवटी काढून टाकतात. अशी लादी तयार व्हायला साधारण तीन दिवस लागतात. अमेरिकेत प्रचलित असलेली लादी ४० इंच उंच, २० इंच रुंद आणि १० इंच जाड, म्हणजे साधारण सव्वाशे किलोंची असते. तळी आणि नद्या वरून खाली गोठतात, त्यामुळे थंड देशांत निसर्गच असा स्वच्छ बर्फ तयार करून देतो.

परीक्षा कसली असते?

शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. त्या हिशेबाने सव्वाशे किलोंची लादी पूर्ण वितळायला साडेअकरा युनिट विजेइतकी उष्णता हवी. म्हणजे जाड लादी बराच वेळ तग धरते. आधी जातात ते पातळ भाग: पक्ष्याची चोच, बोटं, पाकळ्या. म्हणून जाणकार कारागीर मोठे आकार आधी मोकळे करतो, नाजूक भाग जाड ठेवतो आणि शेवटच्या टप्प्यात ते बारीक करतो.

बर्फाचा एक गुण दगडात नाही. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं. तिथे एकदा उडालेली कपची परत बसवता येत नाही. बर्फ मात्र बर्फाला जोडता येतो. गोठणबिंदूखालच्या हवेत दोन तुकड्यांचे पृष्ठभाग गरम ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सपाट करून घ्यायचे आणि मध्ये थोडं पाणी सोडून दाबून धरायचे. सांधा गोठून पक्का होतो. मूळ लादीच्या बाहेर झेपावणारे पंख आणि उंच कमानी अशाच उभ्या राहतात.

मात्र फार थंड बर्फ ठिसूळ असतो. शीतगृहातून काढलेल्या लादीवर लगेच छिन्नी मारली किंवा कोमट पाणी ओतलं तर ती आतून तडकते. म्हणून तिला आधी हळूहळू शून्याजवळ येऊ देतात. मग यांत्रिक करवतीने मोठे तुकडे काढायचे, पटाशीने आकार द्यायचा आणि शेवटी ज्योतीचा हलका शेक देऊन चकाकी आणायची. परीक्षक कल्पना, तोल, अवयवांचं प्रमाण, सांध्यांची सफाई आणि मांडणी पाहतात. शिल्प परीक्षणापर्यंत उभं राहिलंच पाहिजे. खरी कसोटी नियोजनाची असते.

आपल्याकडे काय आहे?

भारतीय कलाकार या मैदानात उतरले आहेत. अमेरिकेतल्या ब्रेकेनरिज गावी दाबलेल्या हिमाचा १२ फूट उंच, २५ टनांचा ठोकळा फक्त हाताच्या हत्यारांनी कोरण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. २०२५ च्या जानेवारीत तिथे भारतीय संघाने कांस्यपदक मिळवलं. त्या संघात काश्मिरी कलाकार होते. महाराष्ट्रात बर्फ कोरला जातो तो मोठ्या हॉटेलांच्या मेजवान्यांसाठी, लग्नांच्या स्वागतदालनांसाठी आणि महाशिवरात्रीला अमरनाथच्या देखाव्यातल्या पिंडीसाठी. हात आहेत, कामही आहे. उणीव आहे ती नवख्याला शिरता येईल अशा स्पर्धेची.

खानदेशाच्या मातीत शिल्पकला नाही असं कोणी म्हणू नये. १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा घडवणारे राम सुतार १९२५ साली धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावी जन्मले. गुरूंनी हात ओळखला, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयापर्यंत पोचले. प्रत्येक गावात असे हात असतात. ते ओळखायला निमित्त लागतं, आणि स्पर्धा हे चांगलं निमित्त आहे.

सुरुवात घरातूनही होते. फ्रीजरमध्ये मावेल असा थर्मोकोलचा डबा झाकण न लावता पाण्याने भरून ठेवा. बाजूंनी आणि तळाकडून थंडी पोचत नाही, पाणी वरून खाली गोठतं आणि वरचा बर्फ काचेसारखा निघतो. तळाचा पांढरा भाग कापून टाकायचा. हार्बिनचा दिवाही मुलांना स्टीलच्या डब्यात करता येईल. मोठी लादी आणायची तर विचारून घ्या: खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळसर रंग मिसळण्याचा नियम आपल्या राज्यात २०१८ पासून आहे, आणि शिल्पाला बिनरंगी बर्फच लागतो. मुलांच्या हातात कानस, छोटी करवत आणि बोथट पटाशी पुरे. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि ओल्या जागी विजेची हत्यारं नकोत.

नशिराबाद, जळगाव, भुसावळच्या शाळांतल्या चित्रकला शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. जानेवारीत, भरीत पार्ट्यांच्या दिवसांत, आपल्याकडे पहाटे पारा बऱ्याचदा दहा अंशांखाली उतरतो. त्या काळातल्या स्नेहसंमेलनात रांगोळी आणि किल्ल्यांच्या शेजारी बर्फाचा एक गट ठेवा. सकाळी लवकर सुरू करा, सावलीत घ्या, दोन तासांची मुदत द्या, शालेय आणि हौशी असे दोन विभाग करा. साप्पोरोला पहिल्या वर्षी सहाच पुतळे होते. आपल्याला सहा लाद्या आणि एक उत्साही शिक्षक मिळाला तरी पुरेसं आहे.