तबकडीविना संगणक जागा कसा होतो?

बटण दाबता त्या क्षणी संगणकाची मुख्य स्मृती कोरी असते. आज्ञावली तबकडीवर आहे खरी. पण तबकडी वाचायची कशी, हे सांगायलाही आज्ञावलीच हवी! हा पेच सुटावा म्हणून मदरबोर्डवरील एका चिपमध्ये छोटीशी आज्ञावली कायमची लिहिलेली असते. प्रयोगशाळेतील संगणकांना तबकडीच नसेल, तर हीच आज्ञावली बाकी सारे तारेवरून सर्व्हरकडून मागवते. इंटेलने १९९९ साली प्रसिद्ध केलेली ‘पीएक्सई २.१’ ही त्याची प्रमाणपद्धती.

आता समजा, प्रात्यक्षिकाची वेळ झाली आणि पडदे काळेच. सगळ्या तारा उपसत बसू नका. संगणक कोठे अडला, ते आधी पाहा.

तो प्रथम जाळ्यात सर्वांना ऐकू जाईल अशी हाक मारतो. त्याच्याजवळ फक्त नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांक असतो. डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि कोणती फाईल कोठून घ्यायची तेही कळवतो. मग टीएफटीपी या साध्या पद्धतीने फाईल येते.

पडद्यावर ‘पीएक्सई-ई६१’ दिसले तर तार पाहा. कार्डाजवळचा दिवा बहुधा विझलेला असेल. ‘ई५१’ म्हणजे हाकेला उत्तर नाही. ‘ई५३’ म्हणजे उत्तर आले, पण फाईलीचे नाव आले नाही. कोणीतरी वाय-फायसाठी घरगुती राउटर आणून त्याच जाळ्यात जोडलेला असतो. तोही पत्ते वाटू लागतो, पण फाईलीबद्दल त्याला काय ठाऊक! हा आगंतुक आधी शोधावा, असे माझे मत.

कधी दोष स्विचमध्ये असतो. जाळ्यात वेटोळे नाही ना, हे तपासण्यात काही स्विच १५ अधिक १५ सेकंद घालवतात. तोवर काही संगणक हाका मारून थकलेले असतात. संगणक जोडलेल्या दारांपुरती ही तपासणी वगळण्याची सोय अशा स्विचमध्ये बहुधा असते.

आता थोडे गणित. संगणक साताऱ्यात, सर्व्हर सांगलीत; अंतर सुमारे १२० किलोमीटर. पहिली अडचण अशी, की हाक राउटर ओलांडत नाही. ती पुढे पोचवणारा ‘रिले’ साताऱ्याच्या राउटरवर बसवावा लागतो. तो बसवला तरी काम रेंगाळतेच. का? मूळ टीएफटीपी ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवते, पोच येईपर्यंत थांबते आणि मगच पुढचा पाठवते. ३० मेगाबाइटच्या फाईलीचे ६१,४४० तुकडे होतात. एका खोलीत जाण्यायेण्यास अर्धा मिलिसेकंद धरला, तर ३१ सेकंद पुरतात. सातारा-सांगली फेरीला २० मिलिसेकंद लागले, तर ६१,४४० × ०.०२ म्हणजे सुमारे १,२२९ सेकंद. वीस मिनिटे! तार कितीही रुंद घ्या, फरक पडत नाही; वेळ तुकड्याच्या वजनात जात नसून वाट पाहण्यात जातो. प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे तंतू सरळ टाकला असता तर फेरीला १.२ मिलिसेकंद पुरले असते. बाकीचा वेळ वळसे आणि वाटेतली यंत्रे खातात.

म्हणून टीएफटीपीने फक्त चिमुकली पहिली फाईल आणावी आणि मोठी फाईल एचटीटीपीने मागवावी. तेथे प्रत्येक तुकड्याच्या पोचेसाठी खोळंबा नाही. त्याहून सोपे म्हणजे फाईलींची एक प्रत साताऱ्यातल्याच एखाद्या जुन्या संगणकावर ठेवावी.