डोंगर, पाणी आणि कोरा कागद

पावसाळ्यात चंदगड तालुक्यातील पारगड किंवा तिलारी घाटाच्या परिसरात डोंगराचा माथा दिसतो, पायथाही दिसतो. मधला भाग मात्र धुक्यात हरवलेला असतो. हा न दिसणारा भाग चित्रात आणायचा कसा? चिनी निसर्गचित्रकारांनी हजार वर्षांपूर्वीच या प्रश्नाचा मूलगामी विचार केला होता.

निसर्गचित्राला चिनी भाषेत ‘शानशुई’, म्हणजेच ‘डोंगर-पाणी’ असे म्हणतात. त्याची साधने मोजकी आहेत : काजळी व सरस यांपासून केलेली शाईची वडी, ती उगाळण्याचा दगड, लवचीक कुंचला आणि रेशीम किंवा कागद. पाणी कमी-अधिक करून एकाच शाईतून गडद काळ्यापासून फिकट राखाडीपर्यंतच्या छटा साधल्या जातात. काही चित्रांत तांबूस व निळसर रंगांचा हलका हात असतो, तर काहींत खनिजांपासून केलेल्या निळ्या-हिरव्या रंगांचे वैभव. वांग शीमंग याने १११३ मध्ये रंगविलेला, सुमारे १२ मीटर लांबीचा चित्रपट हे या दुसऱ्या प्रकाराचे विख्यात उदाहरण होय.

खडकांचा पोत दाखविण्यासाठीही ठरावीक फटकारे आहेत. कठीण, कोनदार कड्यांसाठी कुऱ्हाडीच्या घावांसारखे, तर मातीच्या मऊ उतारांसाठी तागाच्या धाग्यांसारखे. रेशमावर किंवा शोषक कागदावर उमटलेली शाई पुसता येत नाही. त्यामुळे कुंचला टेकविण्यापूर्वीच डोंगर मनात पूर्ण उभा राहावा लागतो.

पाश्चात्त्य यथादर्शनात पाहणारा एका जागी स्थिर असतो. अकराव्या शतकातील चित्रकार क्वो शी याने मात्र अंतराचे तीन प्रकार सांगितले : पायथ्यावरून शिखराकडे, समोरून डोंगरामागच्या डोंगरांकडे आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या क्षितिजाकडे. १०७२ मधील त्याच्या ‘वसंतारंभ’ या चित्रात नजर वाटसरूसारखी फिरत राहते. डोंगर उंच भासवायचा तर त्याच्या कमरेभोवती धुके हवे, हेही त्याचेच सूत्र. ते धुके रंगवायचे नसते. तेथील जागा कोरी सोडायची असते.

कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाचा पाया वेगळा होता. आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण घेतले आणि कोटितीर्थाचा परिसर जलरंगांत अजरामर केला. दुसरी वाट बंगालमार्गे आली. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कोलकात्यास आले. त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथ ठाकूर यांचे ‘वॉश’ तंत्र विकसित झाले. त्यांचे शिष्य नंदलाल बसू १९२४ मध्ये रवींद्रनाथांसमवेत चीनला गेले. या नंदलालांचे विद्यार्थी आणि पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनातील अध्यापक विनायक मसोजी हे मूळचे कोल्हापूरचे.

म्हणजे या विचाराशी कोल्हापूरचे नाते अगदीच परके नाही. चंदगडचा पाऊस रंगविणाऱ्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे : प्रत्येक झाड दाखविण्याच्या हव्यासात डोंगर निसटतो, काय सोडायचे हे उमगले, की तो सापडतो.