बाळ वळायला लागलं? झोळी आता पुरे!

पेण-रोह्याकडे अजूनही कितीतरी घरांत वाशाला जुन्या लुगड्याची झोळी दिसते. मऊ, हवेशीर, बाळ पटकन झोपतं. पण झोळीत हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट अरुंद होते. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ वळायला लागलं की पडायचीही भीती. त्यापेक्षा सपाट, टणक गादीची कॉट बरी. गजांमधली फट ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. बाळाला पाठीवरच निजवा. अमेरिकेत १९९४ पासून हा प्रचार झाला आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मोहरीची उशी, गोधडी, खेळणी सगळं बाहेर. आपल्या दमट हवेत एक सुती झबलं पुरतं. मानेला घाम दिसला तर पंखा लावा, टोपी काढाच. मच्छरदाणी बाहेरून ताणून बांधा. आणि बाळ बसू लागलं की त्याच दिवशी गादी खाली उतरवा!