कानावर पडलेलं गाणं

गदगमधल्या त्या दुकानाची गोष्ट मराठी घरांत इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यातलं नवल आता झिजून गेलंय. शाळकरी भीमसेन जोशी एका दुकानापाशी थबकतो, आत ग्रामोफोनवर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लागलेली असते, आणि पोरगं मनाशी ठरवून टाकतं की गायचं तर असं. १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते घर सोडतं. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण होते आणि अखेर १९३६ साली घरापासून फार लांब नसलेल्या कुंदगोळला, सवाई गंधर्वांपुढे, तालमीला बसणं होतं.

मला या गोष्टीत कुतूहल वाटतं ते वेळेचं. त्या काळची दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं कसंबसं मावायचं. एवढ्याशा वेळात एका माणसाच्या पुढच्या पाऊणशे वर्षांचा निकाल लागला? तीच तबकडी दुकानदारानेही ऐकली, समोरच्या गिऱ्हाइकांनीही ऐकली. ते सामान बांधून घेऊन घरी गेले.

दूध कोमट असेल तरच विरजण लागतं, आणि या पोराच्या बाबतीत ते आधीच कोमट होतं. घरात आईची भजनं होती. हार्मोनियम आणि तंबोरा यांचं पोराला वेड होतं. गावात मिरवणूक निघाली की हा वाजंत्र्यांच्या मागोमाग चालू लागायचा, दमला की कुठल्याशा ओट्यावर झोपून जायचा, आणि घरच्यांना पोलिसांत वर्दी द्यावी लागायची. शेवटी वैतागून वडिलांनी त्याच्या शर्टांवर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहूनच टाकलं. यातलं काहीही कुणी त्याला ‘शिकवलेलं’ नव्हतं. मिरवणुकीतला बँड म्हणजे काही शास्त्रीय संगीत नव्हे. पण कान तयार होत होता आणि तो कसा तयार होतो हे गेल्या तीस-चाळीस वर्षांत प्रयोगशाळांमधून जे कळलंय, ते त्या दुकानाच्या गोष्टीहून कमी अद्भुत नाही.

सुरुवात जन्माच्या आधीपासून करायला हवी. पाचवा-सहावा महिना उलटला की पोटातल्या बाळाला ऐकू येऊ लागतं. आईच्या शरीरातून जाताना बाहेरच्या आवाजातला तीक्ष्ण भाग गळून पडतो. शब्द ओळखू येणार नाहीत इतके पुसट होतात, पण आवाजाचा चढउतार आणि लय आत पोहोचते. थोडक्यात, बोल जातो आणि चाल उरते. २००९ मध्ये संशोधकांनी जर्मन आणि फ्रेंच घरांतल्या तीन ते पाच दिवसांच्या ६० बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. फ्रेंच बाळांचं रडणं खालून वर चढत जाणारं होतं, जर्मन बाळांचं वरून खाली उतरणारं. त्या त्या भाषेतल्या बोलण्याची ढबही साधारण तशीच आहे. माणूस रडायला लागतो तोच ऐकलेल्या चालीवर!

(इथे कुणाला गर्भसंस्काराच्या सीडीची आठवण होईल, म्हणून लगेच सांगून टाकतो: बाळ ऐकतं हे खरं, पण राग ऐकवला की ते हुशार निपजतं, याला आधार नाही. मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते ही जगभर पसरलेली समजूत १९९३ सालच्या ज्या एका छोट्या प्रयोगातून निघाली, तो बाळांवर नव्हे, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला होता आणि त्यात दिसलेला फायदा दहा-पंधरा मिनिटांत विरून गेला होता.)

जन्मानंतरचं वर्ष तर फारच अजब. २००५ साली उत्तर अमेरिकेतल्या बाळांवर तालाचा एक प्रयोग झाला. तिथल्या घरांत ऐकू येणारं बहुतेक संगीत दोन-चारच्या सरळ चालीचं असतं. संशोधकांनी त्यांना बाल्कन देशांतलं, सातच्या मोडत्या चालीचं संगीतही ऐकवलं. आपला रूपक आठवा, तीन-दोन-दोन, साधारण त्या जातीचं. मधूनच तालात बिघाड केला. सहा महिन्यांच्या बाळांना तो बिघाड दोन्ही प्रकारच्या संगीतात कळला. वर्षाच्या बाळांना मात्र फक्त आपल्या ओळखीच्या तालात कळला, परक्या तालात ती मोठ्यांसारखीच चुकली. म्हणजे जगातला कुठलाही ताल पकडू शकणारा कान सहा महिन्यांत आपल्या घरापुरता होऊन बसतो. पण पुढची गंमत ऐका. त्याच वयाच्या बाळांना घरी दोन आठवडे रोज थोडा वेळ बाल्कन संगीत ऐकवलं, तर त्यांना तो ताल पुन्हा उमगू लागला. मोठ्यांना तेवढंच संगीत ऐकवलं, त्यांना तितकंसं साधलं नाही. दार बंद होतं, पण लहानपणी कडी लावलेली नसते.

आता रागाकडे येऊ, कारण खरं कोडं तिथे आहे. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर अगदी तेच: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. तरीही भूप ऐकताना रात्रीचा पहिला प्रहर आणि देशकार ऐकताना सकाळ. फरक कशात आहे? भूपात गंधारावर वस्ती, देशकारात धैवतावर. कोणत्या स्वरावरून कुठे जायचं, कुठे रेंगाळायचं, कुठे नुसतं टेकून निघायचं, या सगळ्या चालीरीतींत राग असतो. स्वरांची यादी करून तो हाती लागत नाही. मग शिकवणी न लावलेल्या, ‘वादी’ हा शब्दही न ऐकलेल्या माणसाला हे दोन राग वेगळे कसे लागतात?

१९९६ साली एका प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची सलग साखळी दोनच मिनिटं ऐकवली. मधे विराम नाही, कुठे जोर नाही. तरी कोणत्या अक्षरामागून कोणतं अक्षर हमखास येतं, याचा हिशेब बाळांनी मनातल्या मनात मांडलेला होता. त्या साखळीतले ‘शब्द’ आणि उगाच जुळवलेले तुकडे यांतला फरक त्यांना कळत होता. तीन वर्षांनी अक्षरांच्या जागी सूर ठेवून हेच करून पाहिलं, तेव्हाही बाळांनी हिशेब चोख ठेवला. धैवतानंतर काय येतं, गंधारावर किती वेळा परत यावं लागतं, हाच तर रागाचा हिशेब! मूल भाषेचं व्याकरण जसं कुणी न सांगता उचलतं, तसाच रागही उचलत असलं पाहिजे, असं मला वाटतं. अट एकच, तो पुरेशा वेळा कानावर पडायला हवा.

आणि इथे त्या साडेतीन मिनिटांच्या तबकडीची खरी करामत दिसते. मैफलीत तोच गवई तोच राग दोनदा गायला तरी दोन्ही वेळा निराळा गातो. त्यातच त्याची थोरवी. लहान मुलाला मात्र तेवढ्याने धरायला काही मिळत नाही. तबकडीने अख्खा राग मुलाच्या आवाक्यात बसेल एवढा आटवला आणि शंभर वेळा तसाच्या तसा ऐकवला. बेळगाव भागातल्या शिवपुत्र कोमकली नावाच्या पोराने सवाई गंधर्व, रामकृष्णबुवा वझे यांच्या तबकड्या अशा काही गिळल्या होत्या की सात-आठ वर्षांचं ते मूल त्या हुबेहूब, हरकती-मुरक्यांसकट गाऊन दाखवायचं. लोक त्याला ऐकायला गर्दी करायचे. त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली ती याच वयात. पुढे हाच माणूस कुणाचीही नक्कल न करणारा गायक म्हणून ओळखला गेला, हे विशेष.

धारवाडात १९१३ साली जन्मलेल्या गंगूबाई हनगलही रस्त्यावर ग्रामोफोन वाजू लागला की धावत सुटायच्या. पण त्यांच्या बालपणातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट त्यांच्या आईची आहे. अंबाबाई कर्नाटक संगीताच्या उत्तम गायिका होत्या. मिरजेहून म्हैसूर दरबाराकडे जाताना अब्दुल करीम खाँसाहेबांचा त्या भागात मुक्काम पडायचा, तेव्हा तेही अंबाबाईंचं गाणं ऐकत. मुलीचा ओढा हिंदुस्थानीकडे आहे हे लक्षात आल्यावर या बाईंनी आपलं गाणंच थांबवलं. घरात कर्नाटक ढंगाचा स्वर कानावर पडत राहिला तर मुलीच्या गळ्यात तो मिसळेल, म्हणून. घरातल्या आवाजाने मुलाचा कान घडतो, हे अंबाबाईंना कुठल्याही संशोधकाच्या आधी ठाऊक होतं आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या गळ्याने मोजली.

गवई होणारी मुलं थोडीच. बाकीच्यांचं काय? महाराष्ट्रात रागांची ओळख व्हायला मैफलीत जायलाच हवं असं कधी नव्हतं. १९११ सालच्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. या नाटकांमुळे बंदिशीचा ऐवज पिटातल्या प्रेक्षकापर्यंत गेला आणि तिथून न्हाणीघरापर्यंत. पुढे १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांची ५६ गीतं आणि सुधीर फडक्यांच्या चाली, त्यातल्या बहुतेक रागांवर बेतलेल्या. पहिलंच गीत भूपात. रेडिओभोवती बसलेल्या पोरांना वाटत होतं आपण रामाची गोष्ट ऐकतोय. खरं तर त्यांच्या कानांत रागांची अख्खी फडताळं भरली जात होती. पुढे कधीतरी मोठा ख्याल ऐकायला बसल्यावर ‘अरे, हे तर ओळखीचं आहे’ असं वाटलं, ते त्या फडताळांमुळे.

आणि ओळखीचं वाटणं हीच आनंदाची पहिली पायरी. मैफलीत विलंबित एकताल चाललाय, गवई तान घेऊन लांब कुठेतरी भटकून येतोय, आता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येणार हे श्रोत्याला कळलंय, आणि बरोबर समेवर शंभर माना एकदम हलतात. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी २०११ साली लोकांना त्यांचं आवडतं संगीत ऐकवून मेंदूत काय होतं ते पाहिलं. अंगावर काटा येणाऱ्या क्षणी डोपामीन हे आनंदाशी नातं असलेलं रसायन स्रवतं हे दिसलंच; पण तो क्षण यायच्या आधी, नुसती वाट पाहतानाही, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते स्रवत होतं. त्यांच्या प्रयोगात आपलं संगीत नव्हतं, तरी समेची चाहूल म्हणजे काय याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. वाट पाहायची तर काय येणार याचा अंदाज हवा आणि अंदाज यायचा तर पूर्वी पुष्कळ ऐकलेलं हवं. ज्याच्या कानावर हे संगीत कधी पडलंच नाही, त्याला समेची वाट बघता येत नाही. त्याला ते ‘आ-ऊ’ वाटतं, यात त्याचा काही दोष नाही.

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर आणखी एक गुपित फोडलं. कॉलेजातल्या मुलांना मागच्या पाच-सहा दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवून कोणत्या गाण्यांशी जीव जडलाय ते तपासलं. स्वतःच्या काळातली गाणी तर आवडणारच. पण आई-वडील ऐन तारुण्यात असताना गाजलेली गाणीही त्यांना जवळची वाटत होती, आणि त्याही मागे, साठच्या दशकातल्या गाण्यांपाशी, आणखी एक उंचवटा दिसला. तो बहुधा आजी-आजोबांचा. घरात वाजलेलं दोन पिढ्या पुढे झिरपतं ते असं.

सगळं काही लहानपणावर टाकता येत नाही, हेही खरं. पैशाने, खेळाने आनंदित होणाऱ्या पण संगीताने मुळीच न हलणाऱ्या धडधाकट माणसांचा अभ्यास स्पेनमध्ये झाला आहे. हे न हलणं त्यांच्या मूळ घडणीचाच भाग असावं. उलट पन्नाशीनंतर मारव्याच्या प्रेमात पडलेली माणसंही आपण पाहतो. आणि संगीताच्या परीक्षा विशेष योग्यतेने पास होऊन पेटी कायमची माळ्यावर टाकणारी मुलं तर गल्लोगल्ली आहेत. मला या शेवटच्या प्रकाराचं वाईट वाटतं. त्यांना राग लेखी उत्तरात भेटला, घरात वावरताना भेटलाच नाही.

आज हवं ते संगीत खिशात आहे, पण ते ज्याच्या त्याच्या इयरफोनमध्ये कोंडलेलं आहे. बाबा मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत असतात आणि शेजारी बसलेल्या लेकीला त्याचा पत्ता नसतो. पूर्वी रेडिओ लावला की अख्खं घर, आणि बऱ्याचदा शेजारचंही घर ऐकायचं. तेव्हा एवढं करा: इयरफोन काढा आणि साधा स्पीकर लावा. मुलं खेळत असू देत, भांडत असू देत, त्यांना समोर बसवू नका. रविवारी सकाळी देशकार लावा, रात्री जेवणाआधी भूप. रागाचं नाव मात्र त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका.