शनिवारचा मेरी-गो-राउंड

नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या उत्तर टोकाला, व्हर्जिनियाच्या हद्दीला लागून, ब्लू रिज डोंगररांगांच्या पायथ्याशी माउंट एअरी नावाचं गाव आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास. गावाजवळ ग्रॅनाइटची प्रचंड उघडी खाण आहे, भोवती तंबाखूची शेतं, आणि एके काळी मोज्यांच्या गिरण्या होत्या. अभिनेता अँडी ग्रिफिथ इथलाच. त्याच्या 1960 ते 1968 या काळात चाललेल्या दूरदर्शन मालिकेतलं ‘मेबेरी’ हे गाव माउंट एअरीवरूनच घेतलं असं मानतात आणि पर्यटकांची रीघ लागते ती त्या मालिकेसाठी. मला मात्र या गावाचं खरं वैभव तिथल्या रेडिओत दिसतं.

2 फेब्रुवारी 1948 रोजी राल्फ एपरसन या तरुणानं इथं डब्ल्यूपीएक्यू हे केंद्र सुरू केलं. मीडियम वेव्हवर 740 किलोहर्ट्झ. एपरसन शेजारच्या व्हर्जिनियातल्या अ‍ॅरॅरटचा, लहानपणापासून रेडिओच्या नादी लागलेला. त्याची कल्पना साधी होती: आपल्या डोंगरातली माणसं जे वाजवतात ते आपल्या केंद्रावरून ऐकू यावं. शनिवारी वादकांना बोलवायचं, मायक्रोफोनसमोर उभं करायचं आणि वाजेल तसं थेट सोडायचं. या कार्यक्रमाचं नाव ‘मेरी-गो-राउंड’, जत्रेतल्या चक्राचं. तो आजही चालू आहे. नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम 1925 चा. त्याच्या पाठोपाठ अमेरिकेतल्या सगळ्यांत जुन्या थेट रेडिओ कार्यक्रमांमध्ये याची गणना होते.

या दोन कार्यक्रमांत मोठा फरक आहे. ऑप्रीनं कलाकारांना तारे केलं. डोंगरातून आलेला वादक तिथं पोचला की त्याच्या अंगावर चकचकीत कोट चढे, मागे ध्वनिमुद्रण कंपन्या लागत, आणि हळूहळू त्याचं वाजवणंही शहराच्या कानाला रुचेल असं होई. माउंट एअरीत यातलं काही घडलं नाही. शनिवारी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवणारा माणूस सोमवारी कामावर हजर असे. बेंटन फ्लिपन (1920–2011) हा या केंद्रावरून वर्षानुवर्षं ऐकू आलेला फिडलवादक. त्याचं पोट भरत होतं मोज्यांच्या गिरणीवर. टॉमी जॅरेल (1901–1985) हा तर या मुलखातला सगळ्यांत मोठा फिडलवादक. त्यानं आयुष्यभर राज्याच्या रस्ते खात्यात ग्रेडर हे सपाटीकरणाचं यंत्र चालवलं. पत्नी गेल्यावर तो पुन्हा वाजवण्यात रमला आणि त्याच्या घरी देशभरातून तरुण मुलं येऊन राहू लागली, शिकू लागली. 1982 मध्ये अमेरिकी सरकारनं लोककलांसाठी ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’ सुरू केली, तेव्हा पहिल्याच तुकडीत टॉमी होता.

माउंट एअरीपासून जवळच राउंड पीक नावाचा डोंगर आहे. त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांत वाजवण्याची एक खास ढब घडली आणि डोंगराच्याच नावानं ती ओळखली जाते. फिडलच्या तारा इथं पुष्कळदा वेगळ्या जुळवतात. आपण षड्ज धरून पाहिलं तर सा-प-सा-प. आपल्याकडेही व्हायोलिन पुष्कळदा अशा जुळणीत वाजतं, म्हणून हे फिडल पहिल्यांदा ऐकतानाही मराठी कानाला परकं वाटत नाही. बोटानं दाबलेली तार वाजत असताना शेजारची मोकळी तार सोबत घुमत राहते, आणि एकटा वादक दोघांचा भास देतो.

बँजोची गोष्ट याहून रंजक आहे. हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या हातून अमेरिकेत आलं, आणि डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी ते त्यांच्याकडून उचललं. राउंड पीकच्या जुन्या वादकांचा बँजो बिनपडद्यांचा, म्हणजे सतारीसारखे पडदे दांडीवर नाहीत. बोट सरकवत नेऊन सूर गाठायचा. काइल क्रीड (1912–1982) हा नामांकित वादक स्वतः बँजो बनवत असे, आणि दांडीवर तो फॉर्मायका लावी. आपण जेवणाच्या टेबलाला सनमायका लावतो तोच प्रकार! बोट त्यावरून सरसर घसरतं. उजव्या हाताची रीतही निराळी. तार वर ओढून छेडायची नाही. बोट वाकवून नखाच्या पाठीनं खाली मारायची, आणि अंगठ्यानं वरची आखूड पाचवी तार मध्येमध्ये सोडत राहायची. ती तार दाबली जात नाही, एकाच सुरात वाजत राहते. ठेका धरणारी आणि आधार देणारी अशी दोन कामं तीच करते.

फिडल आणि बँजो मिळून एकच चाल वाजवतात, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. 1940 च्या दशकात बिल मनरो आणि अर्ल स्क्रग्ज यांनी घडवलेल्या ब्लूग्रासमध्ये एकेक वादक पुढे येऊन आपलं कसब दाखवतो. जुन्या डोंगरी संगीताला त्याची गरज नव्हती, कारण ते होतं नाचासाठी. कणसं सोलायला शेजारी जमले, काम संपलं की घरातलं सामान भिंतीशी लावून मध्ये जागा करायची आणि रात्रभर नाच. अशी कामं यंत्रांकडे गेली, माणसं गिरण्यांकडे गेली, तशा त्या रात्रीही संपत आल्या. त्यांची जागा घेणारं काहीतरी हवं होतं, आणि ते एपरसनच्या शनिवारनं दिलं. वादकाला वाजवायला कारण लागतं. पुढच्या शनिवारी केंद्रावर जायचंय, हे कारण पुरेसं आहे. ‘मेरी-गो-राउंड’नं परंपरा जपली ती या एका गोष्टीनं असं माझं ठाम मत आहे.

आता कार्यक्रम मेन स्ट्रीटवरच्या ‘अर्ल थिएटर’ या जुन्या चित्रपटगृहातून होतो. समोर प्रेक्षक असतात, चालीनं पायांना ओढ लावली की त्यांतले काही उठून मंचासमोरच्या जागेत नाचायला लागतात. हा नाच पायांचा: वरचं अंग जवळजवळ स्थिर, टाचा आणि चवडे लाकडावर ठेका धरतात. जुन्या चालींबरोबर ब्लूग्रास आणि भजनांसारखी ख्रिस्ती गाणीही असतात. कधी पंचाहत्तरीचा फिडलवाला, कधी शाळकरी पोरांचा संच. एखादा संच फार सुरेल वाजवतो, एखादा चाचपडतो. तेही तसंच हवेवर जातं, आणि ते जायलाच हवं. शिकणाऱ्याला जर पहिल्या दिवसापासून मुरलेल्या वादकाच्या पंगतीत बसता आलं नाही, तर तो मुरणार कुठं?

राल्फ एपरसन 2006 मध्ये गेला. त्याच्यानंतर केंद्र त्याचा मुलगा केली यानं पुढे चालवलं. सुरुवातीच्या काळातली या केंद्रावरची काही ध्वनिमुद्रणं राउंडर या ध्वनिमुद्रण कंपनीनं 1999 मध्ये सीडीवर काढली. अमेरिकेतली असंख्य छोटी केंद्रं गेल्या काही दशकांत मोठ्या कंपन्यांनी गिळली, दूरच्या शहरातून तयार गाण्यांची यादी येते आणि गावागावांत तेच वाजतं. त्या लाटेत एका घराण्यानं आपलं केंद्र आपल्याच डोंगराच्या कामी लावून ठेवणं, मला फार मोठी गोष्ट वाटते. यात पैसा किती असेल याचा अंदाज करता येतो.

कार्यक्रम इंटरनेटवरही ऐकता येतो. तिथं शनिवारची दुपार जवळ आलेली असते तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते, त्यामुळे जेवण आटोपून निवांत ऐकायला हरकत नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट, रॅली या शहरांत आता मराठी कुटुंबं बरीच आहेत. तिथून माउंट एअरी गाडीनं अडीच तासांच्या आत आहे. मुख्य कार्यक्रमाआधी थिएटरात वादक एकत्र बसून वाजवतात आणि त्यात कोणालाही बसता येतं. घरात कोणी व्हायोलिन शिकत असेल, तर जाताना ते गाडीत ठेवा.