अहवाल सभासदाच्या दारात

काष्टी म्हटले की आधी शनिवार आठवतो. श्रीगोंदा तालुक्यातल्या या गावचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे, आणि त्या दिवशी नगर–दौंड रस्त्यावर पिकअप-टेम्पोंची रीघ लागते. ऑगस्टच्या अखेरीस मात्र तालुक्यात आणखी एक लगबग सुरू होते. तिला ना धूळ, ना आरडाओरडा. सेवा सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने या सगळ्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर आलेल्या असतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत सभा घ्यावी लागते, आणि सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी सभासदाला द्यावी लागते. सहकाराचा हा दंडक सचिवांना तोंडपाठ असतो. लेखापरीक्षण उरकून आकडे हाती येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो. मग हजारो पाकिटे तयार करायला हातात उरतात ते जेमतेम काही दिवस.

या कामाचा पसारा बाहेरून दिसत नाही. समजा, एका संस्थेचे १०,००० सभासद आहेत आणि अहवाल ३२ पानी, ए-फोर कागदाच्या अर्ध्या आकाराचा आहे. घडी घालणे, पाकिटात सरकवणे, डिंक लावणे, पत्त्याची चिठ्ठी चिकटवणे याला एका पाकिटामागे २० सेकंद धरले, तरी ५५ तास होतात. म्हणजे एका माणसाचे पूर्ण सात दिवस. संस्थेच्या कचेरीत माणसे असतात दोन-चार, आणि याच दिवसांत कर्जाच्या नोंदी, पीक विम्याची कागदपत्रे, लेखापरीक्षकांच्या शंका हेही त्यांनाच निस्तरायचे असते. म्हणून हे काम बाहेर दिले जाते. श्रीगोंदा, दौंड, नगर, फार तर पुणे गाठले की छपाईबरोबर घडी, पाकीट, पत्ता आणि टपाल एवढे सगळे एकाच ठिकाणी करून घेता येते.

छापखान्यातला जाणकार माणूस पहिल्या भेटीत आकडे बघत नाही. तो आधी डमी करतो. ज्या कागदावर अहवाल छापायचा, त्याच कोऱ्या कागदाची ३२ पानी घडी घालतो, मध्ये दोन पिना मारतो, पाकिटात घालतो आणि वजनकाट्यावर ठेवतो. ७० जीएसएमचा ए-फोर कागद साधारण ४.४ ग्रॅम भरतो. अशा आठ कागदांतून ३२ पाने निघतात आणि त्यांचे ३५ ग्रॅम होतात. वर पाकीट. साध्या पत्राचा दर २० ग्रॅमला ५ रुपये धरला, तर ४० ग्रॅमच्या आत १० रुपयांत काम भागते. त्याच अहवालाला अध्यक्षांच्या रंगीत फोटोचे जाड कव्हर लावले आणि काटा ४० च्या पुढे गेला, की तिकीट १५ रुपयांचे. १०,००० पाकिटांवर हा फरक ५०,००० रुपयांचा होतो. छपाईच्या दरात घासाघीस करणारे संचालक मंडळ या काट्याकडे बघत नाही, आणि तिथेच पैसा जातो. चांगल्या छापखान्याची खरी किंमत इथे कळते: तो कव्हर पातळ घ्यायला लावतो, किंवा सभासदांची यादी छापायची चार पाने कमी करायला सांगतो.

एवढ्या पाकिटांचे ओझे साडेतीनशे किलोंच्या वर जाते. ते खेड्यातल्या शाखा डाकघरात नेऊन टाकले तर तिथला माणूस काय करणार? टपाल खात्यानेच यावर तोड काढली होती. ‘बिझनेस पोस्ट’ या सेवेत ग्राहकाच्या जागेवरून टपाल उचलणे, पाकिटे भरणे, बंद करणे, पत्ते लावणे, फ्रँकिंग करणे ही कामे खातेच मोबदला घेऊन करू लागले. २००३ साली नियमित बिले व खातेउतारे पाठवणाऱ्यांसाठी ‘बिल मेल’ आली. ३० जानेवारी २००४ रोजी सुरू झालेली ‘ई-पोस्ट’ तर आणखी पुढची होती. मजकूर संगणकावरून पाठवायचा, तो पोहोचायच्या गावाजवळच्या डाकघरात कागदावर छापायचा आणि पोस्टमनने नेहमीच्या पत्रांसारखा घरी द्यायचा. एका पानाला १० रुपये. कागदाचा प्रवासच वाचवायची ही युक्ती फार शहाणपणाची होती. खेड्यापाड्यांतल्या संस्थांपर्यंत ती नीट पोहोचवली गेली असती, तर सचिवांचे कितीतरी सप्टेंबर सुसह्य झाले असते.

छपाई-टपाल दुसऱ्यावर सोपवण्याचे सर्वांत मोठे दाखले सरकारी आहेत. पॅन कार्डाचे अर्ज घेण्यापासून कार्ड घरी धाडण्यापर्यंतचे काम प्राप्तिकर खात्याने २००३–०४ च्या सुमारास बाहेरच्या संस्थांकडे दिले. त्यांतली एनएसडीएल, म्हणजे आताची प्रोटियन, हे काम पुण्यातून चालवते. काष्टीच्या शेतकऱ्याने भरलेला अर्ज त्यामुळे पुण्याच्याच पत्त्यावर जाऊ शकतो. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पुढे कोट्यवधी आधारपत्रे घरोघर पोहोचवण्यासाठी आधार प्राधिकरणाला टपाल खात्याचाच आधार घ्यावा लागला.

ही पत्रे ज्यांना मिळाली नाहीत, त्यांच्या तक्रारींत कागद वा शाई यांचा दोष क्वचितच निघतो. दोष असतो पत्त्यात. काष्टीसारख्या गावात घरावर नंबर नसतो. माणूस मळ्यात, वस्तीवर राहतो. पत्ता असतो ‘मु. पो. काष्टी, ता. श्रीगोंदा’ एवढाच, आणि बाकीचे पोस्टमनला ठाऊक असते. छापखान्याच्या संगणकात तोच पत्ता तीन ओळींच्या चौकटीत बसवताना तालुका गळतो. इथे गळलेला तालुका महाग पडतो, कारण नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातही एक काष्टी आहे. नगरच्या काष्टीचा पिन ४१ ने सुरू होतो, मालेगावच्या काष्टीचा ४२ ने. तालुका गेला आणि पिनही चुकला, तर श्रीगोंद्याच्या सभासदाचा अहवाल मालेगावात जाऊन पडणार. पिनकोडची ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे नामवंत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिपींतले पत्ते हा गुंता सोडवायलाच त्यांनी ती आखली. २०२४ मध्ये नगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, जुन्या याद्यांत अहमदनगर राहिले. तरीही पाकिटे पोहोचतात ती या सहा आकड्यांच्या जोरावर.

म्हणून छपाई, घडी, डिंक, तिकीट हे सारे खुशाल बाहेर द्यावे, पत्त्यांच्या यादीची मालकी मात्र संस्थेने सोडू नये. मृत सभासदांची नावे कमी करणे, वारस लावणे, पुण्या-मुंबईला गेलेल्यांचे नवे पत्ते नोंदणे हे गावातल्या माणसालाच जमते. या यादीत नाव, पत्ता, भ्रमणध्वनी, कधी शेअर्सची रक्कमही असते. ती पेनड्राइव्हवर छापखान्यात गेली की तिच्या प्रती कुठे कुठे फिरतील, याचा विचार आता कायद्यानेही करायला लावला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात काम बाहेर दिले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच ठेवलेली आहे. काम संपल्यावर यादी पुसून टाकल्याचे लेखी घेणे एवढे तरी सचिवाने करावे.

टपाल केल्याचा पुरावा हा दुसरा नाजूक भाग. सभेवरून वाद झाला की पहिला प्रश्न येतो, नोटीस पाठवली होती का? पूर्वी यूपीसी, म्हणजे टपालात टाकल्याचा दाखला देणारी सेवा होती. डाकघराचा शिक्का मारलेली यादी फायलीला लावली की सचिव निर्धास्त असे. ती सेवा २०११ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. हजारो सभासदांना स्पीड पोस्ट करणे लहान संस्थेला परवडणारे नाही. अशा वेळी कंत्राटदाराकडून रोजच्या टपालाची तारीखवार संख्या, डाकघराच्या पावत्या आणि परत आलेली पाकिटे हे सगळे मागून घ्यावे. परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा रद्दीत देणे ही मोठी चूक, कारण यादीतल्या चुका त्याच गठ्ठ्यात सापडतात.

कागद कमी होतो आहे, हेही खरे. महावितरणने ‘गो-ग्रीन’ योजनेत छापील बिल सोडणाऱ्याला दर बिलामागे १० रुपयांची सवलत दिली. एक बिल छापून घरी पोहोचवण्याचा भार केवढा असेल, ते यावरून ध्यानात येते. पण सोसायटीच्या सभासदांत म्हातारीकोतारी माणसे पुष्कळ आहेत, आणि व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ उघडून नफा-तोटा पत्रक वाचणे त्यांना जमणारे नाही. हातात आलेला अहवाल ती चष्मा लावून वाचतात, शेजाऱ्याला दाखवतात, सभेत उभे राहून विचारतात. तो त्यांचा हक्क आहे आणि तो कागदावरच शाबूत राहतो.

मागच्या वर्षीचा अहवाल ज्यांना मिळाला नसेल, त्यांनी पुढच्या सप्टेंबरची वाट बघू नये. आपला पूर्ण पत्ता, वस्ती, तालुका आणि पिनकोडसह, संस्थेच्या सचिवाकडे आत्ताच लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.