खाटा मोजायच्या की माणसं? नर्सिंग थिअरी आणि आरोग्य धोरण

पीएचडीला प्रवेश मिळाल्याचं सांगायला जुन्या वॉर्डात गेले, तेव्हा इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "थिअरीत कसली पीएचडी करतेस? थिअरी परीक्षेपुरती असते. इथं नाइटला आम्ही दोघी असतो, ते सांग कुणाला तरी."

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. तुम्ही नर्सिंग केलं असेल तर आठवेल, हेंडरसनच्या चौदा गरजा आपण व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ केल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातल्या सहा उरल्या होत्या. तुम्ही नर्सिंगमधले नसाल, तर नर्सिंगला स्वतःची थिअरी असते हेच तुम्हाला नवीन वाटेल. डॉक्टरांनी लिहिलेलं द्यायचं, सलाइन बदलायचं, त्यात थिअरी कसली? मीही बरीच वर्षं असंच समजत होते. आज या पोस्टमध्ये मला सिस्टरांच्या दुसऱ्या वाक्याबद्दल लिहायचंय. "नाइटला दोघीच" हे कुणी ठरवलं, कशाच्या आधारावर ठरवलं आणि त्यात थिअरीचा काय संबंध?

एक प्रसंग सांगते. छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयांत जालना, बीड, परभणी, हिंगोली, पार बुलढाण्यापासून पेशंट येतात, हे तुम्हाला माहीत आहेच. अशाच एका वॉर्डात (कुठला ते महत्त्वाचं नाही) सिल्लोडकडचा एक मुलगा होता. मोटरसायकलवरून पडून मणक्याला मार बसलेला, कमरेखाली हालचाल नाही. त्याच्या आईला सिस्टरनं पहिल्याच रात्री शिकवलं की दर दोन तासांनी त्याला कुशीवर कसं वळवायचं, पाठ कशी बघायची, लघवीची पिशवी कुठं टांगायची. आईनं मोबाईलमध्ये गजर लावून घेतले. दहा, बारा, दोन, चार. कापूस वेचणीचे दिवस होते, म्हणजे ती रोजची मजुरी सोडून तिथं बसली होती.

आता त्या रात्रीचा सेन्सस बघा. त्यात तो मुलगा म्हणजे एक खाट. पलीकडचा हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस, जो स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाऊन येतो, तोही एक खाट. आई कुठल्याच रकान्यात नाही. आणि समजा ती दोन दिवस गावी गेली, तर सिस्टरचं काम केवढं वाढेल? सेन्ससमध्ये मात्र आकडा तोच राहील.

इथं मला डोरोथिया ओरेम आठवल्या. १९७१ साली या अमेरिकन नर्सचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं अगदी साधं आहे. प्रत्येक माणूस रोज स्वतःची काळजी घेत असतो: खाणं, श्वास, स्वच्छता, हालचाल, धोक्यापासून सांभाळणं. आजारपणात ही काळजी जेवढी लागते आणि जेवढी त्याला स्वतःला जमते, यांत तफावत पडते. ती तफावत म्हणजे नर्सिंगची गरज. तफावत पूर्ण असेल तर नर्स सगळंच करते. अर्धवट असेल तर दोघं मिळून करतात. आणि पेशंटला करता येतं पण माहिती किंवा धीर हवा असेल, तर नर्स शिकवते आणि पाठीशी राहते. लहान मूल किंवा परावलंबी माणूस असेल तर त्याची काळजी घेणारं घरचं माणूसही या हिशेबात येतं. ओरेमच्या चौकटीत त्या आईला जागा आहे, ती काळजी घेणारी कर्ती आहे. तिला शिकवणं हे नर्सचं "जमलं तर" करायचं काम उरत नाही, ते मोजायचं काम होतं.

मला एवढंच सांगायचंय: सरकार पैसा आणि पदं देतं ती मोजलेल्या गोष्टींना, आणि काय मोजायचं हे आधी कुठली तरी थिअरी ठरवते. आपल्याला वाटतं, मंत्रालयातल्या फाइलीत थिअरी नसते. असते. "एक खाट म्हणजे एक पेशंट, आणि सगळे पेशंट सारखे" हीसुद्धा एक थिअरीच आहे. फक्त तिच्यावर कुणाचं नाव नाही आणि ती कुणी व्हायव्हात विचारत नाही.

भारतीय नर्सिंग परिषदेचा जुना निकष बघा. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डला तीन खाटांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आणि वर रजेसाठी ३० टक्के. तीनास एक ऐकायला बरं वाटतं. पण ही एकूण पदं आहेत, ती तीन पाळ्यांत वाटली की एका वेळी नऊ खाटांमागे एक नर्स उरते. तीही सगळी पदं भरलेली असतील तर. शिवाय निकष खाटांचा आहे, त्यामुळे दोन खाटांच्या मधे गादी टाकून झोपवलेला पेशंट हिशेबात कसा येणार?

"नर्स कमी असल्या की पेशंट मरतात" असं नुसतं म्हटलं तर कुणी ऐकत नाही. ते आकड्यांत दाखवलं लिंडा एकन यांनी. २००२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या ऑपरेशनच्या पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सकडे सरासरी एक पेशंट वाढला की पेशंट तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढे २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही जवळपास तेच आलं. कॅलिफोर्नियानं १९९९ मध्येच कायदा केला होता, २००४ पासून तो लागू झाला, आणि २००५ पासून तिथं सर्वसाधारण वॉर्डात एका नर्सकडे कुठल्याही वेळी पाचाहून जास्त पेशंट देता येत नाहीत. कुठल्याही वेळी, हे लक्षात घ्या. आपल्या "पाचास एक"शी त्याची गल्लत करू नका. (मी पहिल्या वर्षी एका सादरीकरणात ती केली होती. गाइडनी शांतपणे "पाळ्या किती?" एवढंच विचारलं.)

मग कॅलिफोर्नियाचा आकडा उचलून इथं लावायचा का? मला नाही वाटत. तिथं पेशंटजवळ चोवीस तास घरचं माणूस नसतं. आपल्याकडे ॲडमिशनच्या वेळचा पहिला प्रश्नच असतो, "जवळ कोण आहे?" आपला वॉर्ड त्या उत्तरावर चालतो. म्हणून आपल्याकडे नुसतं गुणोत्तर मोजलं तर खरी टंचाई दिसत नाही, ती नातेवाइकांच्या अंगावर ढकललेली असते. आणि ज्याच्या जवळ कुणीच नाही, त्याच्या पाठीवर ती दिसते. ओरेमची मांडणी बरीच एकट्या माणसाची आहे, तिथं "स्व"ला फार महत्त्व, ही तिच्यावरची टीका मला पटते. पण परावलंबी काळजीची तिची खोली रिकामीच पडून आहे, आणि आपल्या वॉर्डाला नेमकी तीच हवी आहे.

आता दुसरा मुद्दा, जो मला जास्त टोचतो. पॅट्रिशिया बेनर यांचं १९८४ चं पुस्तक सांगतं की नर्स नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या चढते. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर वॉर्ड सांभाळण्याइतकं यायला, एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन ते तीन वर्षं जातात. त्यानंतर कुठे "या पेशंटचं काहीतरी बिनसतंय" हे मॉनिटरच्या आधी कळायला लागतं. हे एकदा वाचलं की अकरा महिन्यांच्या करारांकडे आपण वेगळ्या नजरेनं बघतो. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या, त्यात बाह्यस्रोतांतून भरती नको ही मोठी मागणी होती. पेपरांत ती पगाराची आणि नोकरीच्या हमीची मागणी म्हणून आली. ती तशी होतीच, त्यात लाजायचं काही नाही. पण बेनर हातात असती तर हेही म्हणता आलं असतं की तिसऱ्या पायरीच्या आत माणूस बदलत राहिलात, तर वॉर्डात तज्ज्ञ तयारच होणार नाही आणि त्याची किंमत पेशंट देईल. हे वाक्य समितीपुढे टिकतं. "आमच्यावर अन्याय होतोय" हे खरं असूनही टिकत नाही.

नर्सच्या ज्ञानाला धोरणात वजन मिळतं का? आपल्या राज्यात एकदा फार मोठं मिळालं, आणि तो प्रसंग आपण दुःखद म्हणून आठवतो, या अंगानं आठवत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर तिथंच हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. नर्सच्या पिढ्या बदलल्या, तरी त्यांच्या अंगावर बेडसोर नव्हता. दर दोन तासांनी कुशीवर वळवणं म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ कळेल. त्यांचं अन्न थांबवावं अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली, तेव्हा ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. निष्क्रिय दयामरणाला काही अटींवर परवानगी आहे, असं तत्त्व त्यात आलं. पण अरुणाबद्दल ठरवायचं कुणी? न्यायालयानं म्हटलं, विराणी नव्हेत, केईएमचे कर्मचारी, कारण इतकी वर्षं रात्रंदिवस काळजी त्यांनी घेतली आहे. आणि त्यांना ती जगायला हवी होती.

तुमचं मत वेगळं असू शकतं. मलाही त्या निकालातलं सगळं सोपं वाटत नाही. पण तर्क बघा: काळजी घेतल्यानं एक प्रकारचं जाणणं येतं, आणि त्या जाणण्याला निर्णयात स्थान आहे. बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये हेच मांडलं होतं. नर्सिंगमध्ये ज्ञान चार वाटांनी येतं: शास्त्रातून, नीतीतून, कलेतून, आणि त्या विशिष्ट माणसाशी जडलेल्या नात्यातून. न्यायाधीशांनी कार्पर वाचली असेल असं मी म्हणत नाहीये. पण चौथ्या वाटेला त्यांनी कायद्यात दार उघडलं.

मग पुढे काय झालं? २०१८ मध्ये घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य करून कार्यपद्धती घालून दिली, २०२३ मध्ये ती सोपी केली. आता दोन वैद्यकीय मंडळं असतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले विषयतज्ज्ञ, दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले डॉक्टर आणि पुन्हा तज्ज्ञ. नर्सला या मंडळांत जागा नाही. ज्या प्रकरणातून हा कायदा निघाला त्यात नर्सचा शब्द निर्णायक ठरला होता, आणि कार्यपद्धतीचा मसुदा होताना ती टेबलाजवळ नव्हती. नर्सिंग नेतृत्व म्हणजे मला हे टेबल दिसतं. एरवी या शब्दानं १२ मेचा कार्यक्रम, मेणबत्त्या आणि शपथ डोळ्यांपुढे येते.

त्या मेणबत्तीवालीचंही जाता जाता सांगते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल भारतात कधी आली नाही, पण भारतातल्या छावण्यांना प्रश्नावल्या गेल्या, उत्तरं लंडनला आली आणि १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालामागे तिचे आकडे होते. वर्षाला हजारी ६९ ब्रिटिश सैनिक मरत होते, बहुतेक घाण पाणी आणि गटारांमुळे. हवा, पाणी, सांडपाणी, उजेड ही तिची थिअरी, आणि तिनं प्रश्नही तेच विचारले. पुढे ग्रामस्वच्छतेच्या प्रश्नावर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. रकाने आखणारी बाई होती ती. दिवा आपण तिच्या हातात जरा जास्तच वेळ ठेवला.

तर पुन्हा माझ्या इनचार्ज सिस्टरांकडे. मी त्यांना ओरेमची आकृती दाखवली नाही, मार खाल्ला असता. एवढंच विचारलं, "नाइटच्या रजिस्टरला तीन रकाने वाढवता येतील का? पूर्ण आपल्यावर असलेले किती, अर्धे किती, आणि ज्यांच्याजवळ कुणी नाही असे किती."

"चौथा पण काढ," त्या म्हणाल्या. "नातेवाइकांना शिकवण्यात किती वेळ गेला त्याचा. तो आमच्या बापजन्मात कुणी लिहिला नाही."

पेन्सिलनं आखलेत त्यांनी, कारण छापील रजिस्टरला हात लावता येत नाही. पहिल्या महिन्याची बेरीज मागणीपत्राला टाचणी लावून वर गेली आहे. उत्तर आलं की लिहीन.